जुन्या गाडीचा ताप आणि दुरुस्ती करणाऱ्याची प्रकृती

मे महिन्यातली दुपार, खंडाळ्याचा घाट आणि रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली फियाट, हे दृश्य पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांना आठवत असेल. बॉनेटमधून वाफ निघते आहे, मुले दगडावर बसली आहेत आणि गाडीचा मालक हातात फडके घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे पाहतो आहे. झाकण उघडावे की थांबावे? तो थांबला, तर अर्धा तास वाया जाई. थांबला नाही, तर मुक्कामाचे ठिकाण रुग्णालय होई.

ती फियाट आता रस्त्यावरून जवळजवळ नाहीशी झाली आहे. वालचंद समूहाच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेली ‘अकराशे डिलाइट’ पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून घराघरांत पोहोचली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची टॅक्सी म्हणूनही मुदत संपली. पण वडिलांची किंवा आजोबांची पद्मिनी, अॅम्बॅसिडर किंवा मॉरिस शेडमधून बाहेर काढून ती स्वतःच्या हाताने पुन्हा चालू करण्याची हौस मात्र वाढते आहे. निवृत्तीनंतरचा हा छंद चांगलाच आहे. हात चालतात, डोके चालते, नातवंडे भोवती जमतात. नेमक्या याच कारणाने त्याची वैद्यकीय बाजूही समजून घ्यायला हवी. इंजिनातला गरम-थंडाचा भाग, म्हणजे रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, पंखा, होज पाइप आणि असल्यास हीटर, पुन्हा जोडण्याचे काम पिस्टन-व्हॉल्व्हच्या कामापेक्षा सोपे मानले जाते. मात्र भाजणे, विषबाधा आणि गुदमरणे हे तिन्ही धोके याच भागात दडलेले असतात.

उष्णतेचा हिशेब

पेट्रोल जळून निघालेल्या ऊर्जेपैकी जुन्या इंजिनात थोडीच चाकांच्या कामी येते. उरलेली सगळी उष्णता होते. तिचा काही भाग सायलेन्सरमधून बाहेर जातो, बाकीचा बराचसा पाण्यावाटे काढून टाकावा लागतो. हे पाणी सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांतून फिरते, गरम होऊन रेडिएटरमध्ये येते, तिथल्या बारीक नळ्यांतून वाऱ्यावर थंड होते आणि परत जाते. अगदी सुरुवातीच्या काही गाड्यांत पंपच नसे. गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते, एवढ्यावरच काम भागे. ‘ऑस्टिन सेव्हन’ ही छोटी गाडी अशीच चाले. इंजिनांची ताकद वाढली, तसा पंप आला आणि वर दाबाचे झाकण आले.

गाडीतला हीटर हा याच व्यवस्थेतला छोटा फाटा आहे. डॅशबोर्डमागे एक लहानसा रेडिएटर असतो. इंजिनाचे गरम पाणी त्यातून जाते आणि त्यावरून आलेली हवा आतल्या माणसांना ऊब देते. मुंबईच्या हवेत हीटर कोण लावतो, म्हणून तो कुणी जोडतच नाही. पण इंजिन तापू लागले असताना हीटर पूर्ण चालू केला, तर तो जादा रेडिएटरसारखा उपयोगी पडतो. घाटात हा उपाय अनुभवी चालकांना ठाऊक असतो. मात्र हीटर गळका असेल, तर गाडीत गोडसर वास येतो आणि काचेवर आतून चिकट धुके जमते. ते कूलंटचे बाष्प असते. तसे दिसले की हीटर दुरुस्त करायचा, काच पुसत राहायचे नाही.

जुने काढताना

नवे जोडण्याआधी जुने काढावे लागते आणि पहिला धोका इथेच असतो. जुन्या गाड्यांच्या हेडची, सायलेन्सरच्या तोंडाची आणि इतरही काही पॅकिंगे अॅस्बेस्टॉसची असत, कारण ते जळत नाही. वर्षानुवर्षे भाजून ठिसूळ झालेले असे पॅकिंग पत्रीने कोरडे खरवडले किंवा हवेच्या झोताने साफ केले, की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात. ते फुप्फुसात गेले, तर शरीराला ते विरघळवता येत नाहीत. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग अशा तंतूंमुळे होतो आणि तो दिसायला बहुधा वीस ते चाळीस वर्षे लागतात. हौशी माणसाने एखादे पॅकिंग काढले, तर त्याचा धोका थोडा. रोज तेच काम करणाऱ्या गॅरेजमधल्या पोराचा धोका मोठा, आणि तो पोरगा अठरा-वीस वर्षांचा असतो. उपाय साधा आहे. पॅकिंग पाण्याने पूर्ण भिजवावे, ओलेच काढावे, चुरा ओल्या फडक्याने टिपावा आणि फडक्यासकट पिशवीत बांधून टाकावा. हवेचा झोत मारू नये. नाकावर रुमाल बांधून हे तंतू अडत नाहीत. त्यासाठी घट्ट बसणारा, बारीक कण गाळणारा मास्क लागतो.

दुसरी गोष्ट शिशाची. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात आणि त्यांचे सांधे शिसे व कथिल यांच्या मिश्रणाने डाख देऊन जोडलेले असतात. गळका रेडिएटर दुरुस्त करणारा कारागीर जुना डाख वितळवतो, घासतो, पुन्हा लावतो. या धुराने आणि भुकटीने शिसे शरीरात साठत जाते. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्यांमधली शिशाची विषबाधा जगभर नोंदली गेली आहे. तिची लक्षणे फसवी असतात. पोटात कळा येतात, बद्धकोष्ठ होते, थकवा येतो, रक्त कमी होते, चिडचिड वाढते, मनगटात जोर राहत नाही. असा रुग्ण महिनोन् महिने आम्लपित्ताच्या गोळ्या घेत राहू शकतो, कारण ‘काम काय करता’ हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नसतो. रक्तातल्या शिशाची एक तपासणी उलगडा करते. शिशाची भुकटी कपड्यांवरून घरी जाते आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला ती सर्वाधिक बाधते. मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ठाऊक नाही. म्हणून डाखाचे काम मोकळ्या हवेत व्हावे, त्या हातांनी बिडी-तंबाखू वा वडापाव खाऊ नये आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. त्याआधी चाललेल्या इंजिनाच्या हेडवरच्या काजळीतही शिसे असते. तीही ओलीच काढावी.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा का?

आता जोडणी. हेड बसवताना बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळायचे असतात. ज्या इंजिनात ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे असते, तिथे तर हे फारच महत्त्वाचे. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या दुपटीने प्रसरण पावते. एकदा जरी इंजिन बेसुमार तापले, तरी हेड वाकते, पॅकिंग फुटते आणि पाणी तेलात जाते.

वरच्या होजच्या तोंडाशी थर्मोस्टॅट बसतो. छोट्या पितळी डबीत मेण असते. पाणी साधारण ८० ते ८५ अंशांना पोहोचले, की मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. तोवर पाणी रेडिएटरकडे जात नाही, म्हणून इंजिन लवकर गरम होते. बसवताना मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला ठेवायची आणि हवा निघण्यासाठीचे बारीक भोक वर आणायचे. भोक खाली राहिले, तर हवा अडकते. जोडण्याआधी थर्मोस्टॅट पाण्यात ठेवून, पाणी तापवून, तो कधी उघडतो ते पाहता येते. मात्र त्यासाठी स्वयंपाकघरातले पातेले घेऊ नये. घेतले, तर ते पुन्हा ओट्यावर नेऊ नये.

‘आपल्याकडे गरमीच एवढी, थर्मोस्टॅट काढूनच टाका,’ असा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा हे शरीराच्या उदाहरणावरून चटकन कळते.

मेंदूतील हायपोथॅलॅमस हा आपला थर्मोस्टॅट आहे. तो ३७ अंशांच्या आसपास नेम धरून बसलेला असतो. त्वचेकडे जाणारे रक्त हे फिरणारे पाणी, त्वचा हा रेडिएटर, आणि घाम ही आपली खास सोय. एक लिटर घाम त्वचेवर सुकला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. जंतुसंसर्गात ताप येतो, तेव्हा रेडिएटर बिघडलेला नसतो. थर्मोस्टॅटच वरच्या अंकावर सरकलेला असतो. म्हणून थंडी वाजते, हुडहुडी भरते, आणि पॅरासिटामॉलने तो अंक खाली आला की घाम फुटतो. उष्माघातात नेमके उलटे होते. थर्मोस्टॅट जागेवर असतो, पण उष्णता बाहेर टाकणारी व्यवस्था हरलेली असते. त्यामुळे उष्माघातात पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. उन्हात काम करून शरीर तापले आहे आणि माणूस असंबद्ध बोलू लागला आहे, अशा वेळी गोळी शोधत बसू नये. त्याला सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतावे, पंखा लावावा आणि १०८ ला फोन करावा.

गाडीतही हाच भेद करायचा. गाडी तापते ती बहुधा रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी बुजल्यामुळे, बेल्ट सैल झाल्यामुळे, पंप झिजल्यामुळे किंवा पाणी कमी झाल्यामुळे. त्याचा दोष थर्मोस्टॅटवर टाकून तो काढला, तर मूळ दुखणे झाकले जाते. शिवाय इंजिन कायम थंड चालते, पेट्रोल जास्त जाते, न जळलेले पेट्रोल तेलात उतरते आणि धुरातले विषारी वायू वाढतात. थर्मोस्टॅट अडकला असेल, तर नवा टाकावा. बोअरवेलचे पाणी मात्र कधीच भरू नये. त्यातले क्षार नळ्यांत थर धरतात.

गोड विष

कूलंटमध्ये बहुधा एथिलिन ग्लायकॉल असते. पाण्यात निम्मे-निम्मे मिसळले, की मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली गोठते आणि शंभराच्या वर उकळते. धातू गंजू नये म्हणूनही ते लागते. पण ते चवीला गोड असते, रंग हिरवा किंवा गुलाबी असतो, आणि उरलेले कूलंट आपल्याकडे बहुधा कशात ठेवले जाते? शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत.

हे द्रव्य स्वतः फार विषारी नसते. यकृतातले जे विकर दारू पचवते, तेच याचेही रूपांतर करते आणि त्यातून विषारी आम्ले तयार होतात. पहिल्या काही तासांत माणूस दारू प्यायल्यासारखा वागतो, पण तोंडाला दारूचा वास नसतो. मग श्वास जोरात चालू लागतो, हृदयावर ताण येतो. एक ते तीन दिवसांत ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडात अडकून लघवी बंद होते. मोठ्या माणसाला शंभर मिलीलिटरच्या आसपासचे प्रमाण प्राणघातक ठरू शकते. लहान मुलाला काही घोटही पुरतात. कुत्र्या-मांजरांनाही जमिनीवर सांडलेले थारोळे पुरते.

उपचार आहेत, पण वेळेवर. फोमेपिझोल हे औषध त्या विकरालाच अडवते. ते हाताशी नसेल, तर डॉक्टर देखरेखीखाली इथेनॉल देतात आणि गरजेनुसार डायलिसिस करतात. घरी दारू पाजणे हा उपाय नव्हे, आणि उलटी करवणेही नव्हे. ‘मूल खेळते आहे, काही झालेले दिसत नाही,’ म्हणून थांबणे ही सर्वांत घातक चूक. लक्षणे दिसण्याआधीचे तासच उपचाराचे असतात. कूलंटची बाटली किंवा तिच्यावरचा कागद सोबत घेऊन थेट मोठे रुग्णालय गाठावे.

या कुळातल्या रसायनांची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरिनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे एथिलिन ग्लायकॉलचे भावंड निघाले आणि १४ रुग्ण दगावले. लेंटिन आयोगाच्या चौकशीमुळे ते प्रकरण गाजले. तिथेही मूत्रपिंडेच बंद पडली होती. चूक कारखान्यातली असो वा शेडमधली, डब्यात काय आहे हे डब्यावर लिहिलेले नसणे महागात पडते. कूलंट मूळ डब्यातच, झाकण घट्ट लावून, कुलुपात ठेवावे. प्रॉपिलिन ग्लायकॉलचे कूलंट मिळाले, तर ते बरेच कमी विषारी असते. घरात लहान मुले असतील, तर जुन्या गाडीला ते चालेल का, हे कूलंट विकणाऱ्याला जरूर विचारावे.

दार उघडा

सगळे जोडून झाले, होजच्या पट्ट्या आवळल्या, बेल्ट मधोमध दाबल्यावर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर दबतो आहे हे पाहिले, आणि पाणी भरले. आता आत अडकलेली हवा काढायची असते. त्यासाठी गाडीचे नाक थोडे उंच करून, हीटरची तोटी उघडी ठेवून, रेडिएटरचे झाकण थंड असतानाच काढून इंजिन पंधरा-वीस मिनिटे जागेवर चालवतात. बुडबुडे थांबले आणि वरचा होज गरम झाला, की काम झाले.

पण हे पंधरा-वीस मिनिटांचे काम शेडचे दार लावून केले तर? जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड तीन-चार टक्के असू शकतो. हिशेब करून पाहू. पद्मिनीच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनातून जागेवर चालताना मिनिटाला शंभरेक लिटर धूर निघतो असे धरले, तर त्यात तीन-चार लिटर कार्बन मोनॉक्साइड असतो. तीन मीटर रुंद, सहा मीटर लांब आणि अडीच मीटर उंच शेडमध्ये ४५ हजार लिटर हवा मावते. दहा मिनिटांत या वायूचे प्रमाण दहा लाखांत सात-आठशे भागांच्या घरात जाते. एवढ्या प्रमाणात तासाभराच्या आत डोके दुखू लागते, मळमळते, भोवळ येते. वीस मिनिटांत प्रमाण दुप्पट होते. वायूला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे-अडीचशे पट घट्ट चिकटतो.

कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे फसवतो. बोटावरच्या त्या चिमट्याला प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांनी भरलेले रक्त सारखेच लाल दिसते. आकडा ९८ दाखवतो आणि माणूस बेशुद्धीकडे जात असतो. म्हणून आकड्यापेक्षा लक्षणांवर भरवसा ठेवावा. डोके दुखू लागले, की आधी बाहेर पडावे. कुणी आत कोसळला असेल, तर दारे उघडून त्याला ओढून मोकळ्या हवेत आणावे आणि रुग्णालयात सांगावे की ‘गाडी चालू होती’. या तीन शब्दांनी निदान होते. साध्या हवेत निम्मा वायू रक्तातून निघायला चार-पाच तास लागतात. मास्कने शंभर टक्के प्राणवायू दिला, तर तास-दीड तास.

हवेवर थंड होणाऱ्या ‘फोक्सवॅगन बीटल’सारख्या गाडीची जोडणी करणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. तिचा हीटर पाण्यावर चालत नाही. सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळ्यांभोवतीच्या पेटीतली हवा तापून आत येते. त्या नळ्या गंजून भोक पडले, तर ऊबेबरोबर धूरही गाडीत येतो. असा भाग ‘चालेल अजून’ म्हणून परत बसवू नये.

झाकण

शेवटी पुन्हा घाटातला तो मालक. झाकणामुळे आत सुमारे अर्ध्या वातावरणाएवढा जादा दाब असेल, तर पाणी ११० अंशांनाही उकळत नाही. झाकण फिरवले की दाब जातो आणि ते पाणी एकदम उकळते. ११० अंशांवरच्या पाच लिटर पाण्यापैकी शंभरेक मिलीलिटरचीच वाफ होते. पण तेवढ्या पाण्याची वाफ दीडशे लिटर होते आणि ती उरलेले उकळते पाणी घेऊन तोंडावर येते. ७० अंशांचे पाणी एका सेकंदात खोलवर भाजते. हे तर शंभराचे असते, आणि झाकणावर वाकलेला चेहरा हातभरावर असतो. फडक्याची घडी अशा वेळी कामाला येत नाही. इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबायचे आणि वरचा होज हाताला कोमट लागल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही.

भाजलेच, तर अंगठी, घड्याळ, भिजलेले कपडे लगेच काढावेत आणि भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये. डोळ्यांत गेले असेल, तर डोळे उघडे धरून तितकाच वेळ पाण्याने धुवावेत. मग स्वच्छ कापडाने सैल झाकून रुग्णालयात यावे.

पंख्याशी काम करताना किल्ली खिशात आणि बॅटरीची तार सुटी असावी. ओढणी, बांगड्या, सैल बाह्या दूर ठेवाव्यात. भरलेल्या बाटल्या नातवंडांच्या हातापासून वर ठेवाव्यात. एवढे सांभाळले, तर जुनी गाडी पुन्हा घाट चढेल. वाटेत तापली, तर बॉनेट उघडावे, दगडावर बसावे, चहा मागवावा. अर्धा तास जातोच.